सुरतचं जेवण आणि मायचं खापर

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी दिलेल्या भाषणाचा मजकूर)





मी काही वक्ता नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि गुजरात सरकारच्या मार्ग-मकान खात्यात लागलो. आजवर जे काही लिहिलं ते मेजरमेंट बुकात. आपले सेक्रेटरी म्हणाले, ‘महाप्रसादाला अजून वीस मिनिटं आहेत, तेवढ्यात जेवणावर बोला.’ म्हणून उभा आहे. भात शिजल्याची खूण झाली की मी थांबेन.

सुरतेत उभं राहून जेवणाबद्दल हळहळ करायची म्हणजे हसूच व्हायचं. ‘सुरतनुं जमण ने काशीनुं मरण’ ही इथली म्हण आपल्या मुलांनाही पाठ आहे. लोचो, रसावाळा खमण, उंधियु, चंदी पडव्याची घारी, थंडीत पोंक. एवढं सगळं असताना इथं राहून कुणाला आणखी कशाची आठवण यावी? माझ्या मायला यायची. जवळजवळ रोज यायची.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. नाना १९७८ साली इथं एका मिलमध्ये लागले आणि वर्षभरानं मायला घेऊन आले. उधन्यात दोन खोल्या. तुमच्यापैकी बऱ्याच घरांची गोष्ट हीच आहे, वर्ष आणि गाव तेवढं बदला. आणि गंमत बघा, आपण काही सातासमुद्रापार आलेलो नाही. जी तापी आमच्या तालुक्याला लागून वाहते तीच इथं चौक बाजाराजवळून जाते. उधन्याला गाडीत बसलं की बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. नवापूरच्या स्टेशनवर तर एकच बाक अर्धा गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. १ मे १९६० च्या आधी हे सगळं एकाच मुंबई राज्यात होतं. तरी माय सुरतेला ‘परमुलुख’ म्हणायची. लहानपणी मला ते कळायचं नाही. रात्री बसलं की सकाळी गावात, मग मुलुख परका कसा?

तो परका होता तो गिरणीवर. आमच्याकडची कळण्याची भाकरी खान्देशवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. चार भाग ज्वारी, एक भाग अख्खे काळे उडीद, दळतानाच मीठ. हे दळण घेऊन माय घंटीवर गेली की घंटीवाला हात जोडायचा. उडीद दळले की पुढच्या गिऱ्हाइकाच्या गव्हात वास उतरतो, पीठ काळपट येतं, आणि पुढचं गिऱ्हाईक भांडतं. त्याचंही चूक नव्हतं. मग माय रात्री घंटी बंद व्हायच्या वेळेला शेवटचं दळण म्हणून जायची. कधी तो दळून द्यायचा, कधी नाही. नाही दिलं तर आठवडाभर पोळ्या.

भरताचंही तसंच. आपल्याकडचं ते मोठं, हिरवट-पांढरं, कमी बियांचं वांगं. बामणोदचं म्हणा, आसोद्याचं म्हणा. ‘जळगाव भरीत वांगं’ म्हणून २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. सुरतेत वांग्यांची कमी नाही, पण इथला मान रवैयांना, म्हणजे भरून करायच्या छोट्या वांग्यांना. ‘ओळो’ ते लोकही करतात आणि चांगला करतात. पण आपलं भरीत कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेलं असतं. मिरच्या-लसूण लाकडी भांड्यात ठेचायचं, त्यात वांगं ठेचायचं आणि वरून कांद्याची पात. वांगी गावाहून पिशवीतून यायची. काड्या कोण पाठवणार? गॅसवर भाजलं की माय एक घास खाऊन म्हणायची, ‘भाजलं नाही, नुसतं शिजलं.’

शेवभाजीबद्दल मी जास्त बोलत नाही, कारण इथल्या हॉटेलात ‘सेव-टमेटा’ खाऊन मन मारायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. त्यात साखर असते एवढंच नम्रपणे नोंदवतो.

सगळंच हिरमुसलेलं होतं असंही नाही. उन्हाळ्यात माय ज्वारीच्या बिबड्या करायची. शेजारच्या गुजराती काकी तांदळाचं खिचू करायच्या. दोघी जणी आपापलं गरम शिजवलेलं पीठ वाटीत घालून, वर तेल सोडून, एकमेकींना द्यायच्या. काकींना लसूण सोसायचा नाही, मायला पापडखार आवडायचा नाही. तरी वाट्या दरवर्षी जायच्या-यायच्या. पोंकाच्या दिवसांत नाना पुडी आणायचे, वर लिंबू-मिऱ्याची शेव. माय म्हणायची, ‘हा तर आपला हुर्डा, शहरात येऊन नटला.’

मला स्वतःला हे सगळं कळलं ते २००४ मध्ये. पहिलीच पोस्टिंग बनासकांठा. तिथं मला आठवण कशाची आली? खान्देशची नाही. लोच्याची आली! रविवारी सकाळी लोचोवाल्याच्या गाडीवर उभं राहायची. सोबतचे सौराष्ट्राचे, महेसाणाचे, त्यांना लोचो म्हणजे बिघडलेलं खमण वाटायचं. एका साइटवर मजुरांच्या चुलीजवळ एक म्हातारी बाई बाजरीचा रोटला थापत होती. तिनं मला अर्धा दिला, वर लसणाची चटणी आणि चुलीत भाजलेलं वांगं. त्या वांग्याला धुराचा वास होता. त्या रात्री एस.टी.डी. बूथवरून घरी फोन केला. मायनं नेहमीसारखं विचारलं, ‘काय खादं रे आज?’ मी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मीटरवर पैसे पळत होते, पण मीही फोन ठेवला नाही.

म्हणजे तेव्हा मला समजलं होतं. समजून उमजून पुढे मी जे केलं ते सांगायलाच खरं तर आज उभा राहिलो आहे.

आपण एक बघितलं असेल. देवाला लागतं ते टिकलं. श्रावणात कानबाई बसते, लिंबायत-डिंडोलीत वाजतगाजत मिरवणूक निघते, आणि त्या दिवशी घरातल्या पुरुषांच्या मोजणीनं मुठी धरून दळलेले रोट आजही होतात. बेने इस्राएल लोकांचं असंच आहे. कोकणातले हे मराठी बोलणारे यहुदी, १९४८ नंतर मोठ्या संख्येनं इस्राएलला गेले. मंगलप्रसंगी ते तिथंही मलिदा करतात. आणि मलिदा म्हणजे काय, तर पोहे, ओलं खोबरं, साखर. रोजची भाजी बदलली असेल, पण मलिदा राहिला.

या हिशेबानं आखाजीचे मांडे आमच्या घरात टिकायला हवे होते. ते टिकले नाहीत, आणि त्याला कारण मी.

मांडे म्हणजे खापरावरची पुरणपोळी. सैल कणकेत पुरण भरून, थोडं लाटून, मग दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि उपड्या मातीच्या खापरावर अलगद पसरायची. उधन्याच्या घरामागे तीन विटांची चूल होती, तिच्यावर माय आखाजीला पंचवीस-तीस मांडे करायची. सोबत आमरस आणि कटाचं सार. सगळी चाळ वासानं जागी व्हायची.

२०१० मध्ये आम्ही फ्लॅटमध्ये आलो. सामान बांधताना मायनं खापर जुन्या साडीत गुंडाळलं. मी म्हणालो, ‘माय, हे नको. तिथं चूल कुठं मांडणार? धूर झाला तर सोसायटीवाले काय म्हणतील?’ कुणी काही म्हटलेलं नव्हतं. आमचे शेजारी तर फारच चांगले निघाले. मला आधीच लाज वाटत होती एवढंच. नवीन घर, नवीन टाइल्स, आणि घरात ते काळं मडक्याचं खापर. माय म्हणाली, ‘बरं, राहू दे मंग.’ पुढच्या गावच्या फेरीत तिनं ते काकांकडे ठेवून दिलं.

त्यानंतर अकरा वर्षं ती होती. घरघंटी घेतली तेव्हा कळण्याचं पीठ घरात दळायला लागली, इतकी खूश झाली की गल्लीतल्या ओळखीच्यांनाही दळून द्यायची. घरघंटीचं खूळ गुजरातचं, पण आमची भाकरी तिनंच वाचवली. मांड्यांचं नाव मात्र मायनं पुन्हा काढलं नाही. आखाजीला तव्यावरच्या पुरणपोळ्या. मीही विचारलं नाही. २०२१ मध्ये ती गेली. दिवसकार्याला गावी गेलो तेव्हा खापर शोधलं. काकांच्या अंगणात होतं, एका बाजूनं फुटलेलं, कोंबड्यांना पाणी ठेवायला.

मुलगी दोन वर्षांपासून पुण्याला शिकते. मला वाटायचं, चला, एक पिढी तरी परत महाराष्ट्रात गेली. ती फोनवर म्हणते, ‘बाबा, इथं लोचो मिळत नाही. मेसच्या आमटीत गूळ घालतात.’ तिची एक मैत्रीण चेष्टा करते, की हिची आमटी तिखट आणि बोलणं गुजराती. सुट्टीला येते तेव्हा ‘घरी चालले’ म्हणते, आणि ते घर म्हणजे सुरत. नाना अजूनही ‘घरी’ म्हणतात ते अमळनेरकडचं. मी मधे आहे. मला दोन्हीकडचं तिकीट काढावं लागतं.

यंदाच्या आखाजीला तिनं विचारलं, आजी मांडे करायची म्हणतात ते कसे असायचे? फ्लॅटमध्ये आलो तेव्हा ती तीन वर्षांची होती. तिला आठवत नाही. मी विचारत विचारत डिंडोलीला एका ताईंकडे गेलो. धुळ्याकडच्या आहेत, घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये ऑर्डरीप्रमाणे मांडे करतात. दहा आणले. नानांनी पहिला घास घेतला आणि ताटाकडे बघत बसले. मुलीनं दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी डबा परत द्यायला गेलो तेव्हा ताईंना विचारलं, हे शिकवाल का? त्या म्हणाल्या, ‘पाठवा की वहिनींना रविवारी.’ मी म्हणालो, वहिनी नाही, मीच येतो. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘भाऊ, कोपरापर्यंत भाजतं बरं का.’

तीन रविवार गेलो. पहिल्या रविवारी कणीकच जमली नाही, फक्त पाणी किती हे शिकलो. एम-२० काँक्रीटचं प्रमाण मला झोपेत विचारा, पण ही कणीक हाताला कळावी लागते. दुसऱ्या रविवारी पाच मांडे केले, पाचही हातावरच फाटले. ताईंच्या घरच्यांनी ते तुकडे दुधात कुस्करून खाल्ले, चांगले लागतात म्हणाले. तिसऱ्या रविवारी एक फाटला नाही. मधे जाड झाला, एका कडेनं करपला. तो मी डब्यात घालून नानांसाठी घरी आणला.

भात झालेला दिसतो आहे.