तांबोशीची दोन घरं



मालवणच्या बाजारात पाच-सहा किलोंची तांबोशी आली की भोवती लगेच माणसं जमतात. बाहेरच्या खोल पाण्यात, खडपावर गरवून आणलेली. ती समुद्राची मासळी, यात कुणाला शंका नसते. मलाही नव्हती. मग एका सकाळी ओहोटीला कर्लीच्या खाडीत पाग टाकणाऱ्या एका काकांबरोबर होडीत बसलो.

पागात थोडी सुंगटं आली, दोन शेवटे आले आणि बोटाएवढा एक मासा. काळपट अंगावर सात-आठ फिकट उभे पट्टे, डोळ्याखालून गेलेली निळी रेघ. काकांनी तो ओंजळीत धरला, म्हणाले, "तांबोशेचा पिल्लू," आणि पाण्यात सोडला. तो थेट कांदळाच्या मुळांत शिरला.

तांबोशी अंडी घालते ती बाहेरच्या समुद्रात. अंड्यांतून निघालेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहतात आणि भरतीच्या पाण्यानं खाडीत येतात. काही तर नदीचं गोडं पाणी लागतं तिथपर्यंत चढतात. मुळांच्या जाळीत मोठ्या माशाला तोंड घालता येत नाही, आणि खायला कोळंबी, लहान कुर्ल्या समोरच. तिथं काही वर्षं काढून, लांबी अर्ध्या मीटरच्या आसपास भरत आली की तांबोशी खाडी सोडते. पुढचं आयुष्य बाहेरच्या खडकांत, कधी १०० मीटर खोलीवरसुद्धा.

हे कळलं कसं? माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी खडे असतात. घोळ किंवा ढोम्याचं डोकं खाताना ते पांढरे खडे तुमच्या दाताखाली आले असतील. तांबोशीचे त्यामानानं लहान. खड्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतात. अगदी कोवळ्या वयात तर रोजचं एक. मासा ज्या पाण्यात राहिला, त्या पाण्यातली द्रव्यं त्या त्या वलयात अडकून पडतात. समुद्रात स्ट्रॉन्शियम भरपूर, नदीच्या पाण्यात सहसा बेरियम जास्त. मधल्या ठिपक्यापासून कडेकडे तपासत गेलं की मासा नदीत किती काळ होता आणि बाहेर केव्हा पडला, ते वाचता येतं. मला हे फार विलक्षण वाटतं. माशानं स्वतःच लिहून ठेवलेली रोजनिशी ती!

तांबोशीच्या बाहेरच्या घराला थोडं संरक्षण आहे: सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा २९.१२ चौरस किलोमीटर परिसर १९८७ साली सागरी अभयारण्य झाला. प्रवाळ, खडपं राखायलाच हवीत. पण खाडीचं दार बंद असेल, तर त्या खडपांवर नवी तांबोशी येणार कुठून?

दार हा शब्द मी उगाच वापरला नाही. खार जमिनीच्या, म्हणजे खाजणाच्या, बांधाला उघाडी असते. तिची झडप पावसाचं पाणी बाहेर सोडते आणि भरती आली की मिटते. भातासाठी ती हवीच. खारं पाणी आत शिरलं की शेत नासलं. पण भरतीबरोबर आलेलं पिल्लूही त्याच झडपेपाशी अडतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये अशा काही झडपांना लहान खिडक्या बसवल्या आहेत. त्या उघडल्या की भरतीबरोबर मासे आत जातात. आपल्याकडे पिकत्या शेताला हात लावू नये. पण जी खाजणं वर्षानुवर्षं पडीक आहेत, ज्यांच्या बांधाआड आता भाताची एक काडी उगवत नाही, तिथल्या उघाड्या मोकळ्या करायला काय हरकत आहे?

काकांच्याच गावात असं एक खाजण आहे. बांध फुटला, कुणी बांधला नाही. उधाणाचं पाणी आत येऊ लागलं. आधी तिवरं उगवली, मग ओहोळाच्या कडेनं कांदळ. मागच्या खेपेला तिथं गुडघाभर पाण्यात उभं राहून काकांनी पाग फेकला. पहिल्याच फेकीला तीन पिल्लं आली, तिन्ही पट्ट्यापट्ट्यांची.