उघडी छाती आणि चालता श्वास

लोहाराचा भाता आपणांपैकीं अनेकांनीं पाहिला असेल. त्याच्या कातड्याला भोंक पडलें, म्हणजे ओढतांना वारा भोंकांतूनच आंत शिरतो आणि दाबतांना तेथूनच निघून जातो. आगीपर्यंत पोंचत नाहीं. मनुष्याच्या छातीचें बरेंचसें असेंच आहे. म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत छाती उघडण्यास बहुतेक शस्त्रवैद्य धजत नसत.

फुप्फुसाला स्वतः फुगण्याचें सामर्थ्य नाहीं; रबराप्रमाणें आकुंचन पावण्याकडेच त्याची प्रवृत्ति असते. तें आणि बरगड्या यांच्यामधील दाब बाहेरील हवेहून कमी असतो, म्हणून तें ताणलेलें राहतें. हा फरक शांत श्वासांत पाण्याच्या सुमारें ५ सेंटिमीटर उंचीइतकाच असतो; परंतु छातीला भोंक पडतांच तो नाहींसा होतो व त्या बाजूचें फुप्फुस मिटतें.

दुसरें फुप्फुस आहेच कीं, असें कोणी म्हणेल. परंतु दोहोंमधील भाग, ज्यांत हृदय व मोठ्या रक्तवाहिन्या असतात, भिंतीसारखा ताठ नसतो. श्वास घेतांना तो चांगल्या बाजूकडे ओढला जातो, सोडतांना उघड्या बाजूकडे झुकतो. शिवाय चांगलें फुप्फुस मिटलेल्या फुप्फुसांतील वापरलेली हवा ओढून घेतें आणि सोडतांना तिचा कांहीं भाग पुन्हा तिकडेच ढकलतें. खिडकी न उघडतां दोन खोल्यांनीं आपसांत हवा बदलावी, तसा हा प्रकार! रोगी धापा टाकतो, तसतसा हा झोका वाढतच जातो.

१९०४ सालीं ब्रेस्लाउ येथें, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ शहरीं, फर्डिनांड साउअरब्रुख यानें कमी दाबाची बंद खोली बनविली. रोग्याचें धड व शस्त्रवैद्य आंत, डोकें मात्र बाहेर. १९०९ सालीं मेल्टझर व आउअर यांनीं श्वासनलिकेंत नळी घालून दाबानें हवा देण्याची रीत प्राण्यांवर दाखविली. पुढें नळीचा मार्ग सोपा ठरला व खोली मागें पडली.

परंतु ज्याचीं फुप्फुसें आधींच दुर्बळ, त्याला यंत्राच्या श्वासापासून सोडविणें कधीं कधीं कठीण जातें. २००४ सालीं रोम येथील एउजेनियो पोम्पेओ व त्यांचे सहकारी यांनीं, पाठीच्या कण्याजवळ बधिरतेचें औषध देऊन, जाग्या रोग्यांच्या फुप्फुसांतील गांठी दुर्बिणीच्या साह्यानें काढल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

मग जुना धोका गेला कोठें? तो गेला नाहीं. सोसण्याजोगा केला गेला. छिद्रें लहान असतात. रोगी कुशीवर असल्यानें निरोगी फुप्फुस खालीं येतें. रक्तही तिकडेच अधिक वाहतें, आणि खालचें श्वासपटल स्वतः हालत असल्यामुळें हवाही तेथेंच पोंचते. प्राणवायु मुखवट्यांतून मिळतो. कार्बन डायॉक्साइड थोडा सांचतो. बहुधा शरीर तेवढा सोसतें. खोकल्याची उबळ येऊं नये म्हणून ज्ञानतंतु बधिर करतात. तरीही नळी हाताशीं सिद्ध ठेवावी लागते. अतिस्थूल रोगी, नळी घालणें अवघड असलेला रोगी, किंवा जेथें मोठ्या रक्तस्रावाचें भय आहे अशी शस्त्रक्रिया, यांना ही रीत सहसा लावीत नाहींत.

फुप्फुस मिटणें ही एके काळीं प्राणघातक आपत्ति होती. आज तेंच मिटलेलें फुप्फुस शस्त्रवैद्याला काम करावयास जागा करून देतें. निसर्गाचा नियम तोच राहिला. त्याचें माप मात्र मनुष्याला कळलें.