भांडे आणि त्याचे माप



संगणकात मजकूर ठेवावयाचा तर त्याच्या स्मृतीत आधी जागा राखावी लागते. या राखीव जागेस 'बफर' म्हणतात. आम्ही तिला भांडे म्हणू. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडविलेल्या 'सी' भाषेत मजकुराच्या शेवटी शून्याचा एक बाइट ठेवतात. मजकूर कोठे संपला हे त्यावरून कळते. परंतु भांडे केवढे, हे त्यात कोठेच लिहिलेले नसते. अनर्थाचे मूळ येथेच आहे.

'पुणे' हा शब्द घ्या. आपल्या दृष्टीस अक्षरे २. युनिकोडात मात्र प, उकार, ण आणि मात्रा अशी चिन्हे ४. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकास ३ बाइट, म्हणजे १२. शेवटचे शून्य धरून १३. अक्षरे मोजून जागा राखली, तर मजकूर शेजारच्या जागेत सांडावयाचाच.

सी भाषेबरोबर तयार कामांची जी लायब्ररी मिळे, तीत 'गेट्स' नावाचे एक काम होते. आलेली ओळ ते भांड्यात ओती. भांड्याचे माप विचारीत नसे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या प्रोग्रॅमने हेच छिद्र हेरले. 'फिंगर' सेवेच्या ५१२ बाइटांच्या भांड्यात त्याने अधिक मजकूर ओतला. काम संपल्यावर यंत्राने कोठे परतावयाचे, तो पत्ता जवळच लिहिलेला होता. सांडलेल्या मजकुराने तोच बदलला आणि यंत्र परक्याची आज्ञा पाळू लागले. या व इतर वाटांनी हजारो संगणक बाधित झाले. 'गेट्स' सी भाषेच्या प्रमाण नियमांतून निघाले ते २०११ साली.

मग उपाय कोणता? लायब्ररीने भांड्याबरोबर त्याचे मापही बाळगावे आणि ओतण्यापूर्वी ते पाहावे. भांडे अपुरे पडल्यास दुप्पट मोठे घ्यावे. एकेक बाइट वाढवीत गेल्यास जुना मजकूर पुनःपुन्हा हलवावा लागतो. आणि भांडे परत कोणी करावयाचे, हे आधीच ठरवावे. कोणीच परत न केल्यास जागा अडून राहते. दोघांनी केल्यास स्मृतीचा हिशेबच बिघडतो.

कोणी म्हणेल, माप पाहण्यात वेळ जातो. जातो खरा, पण अत्यल्प. आज आमची बँकेची खाती आणि रुग्णालयातील नोंदी याच भांड्यांत आहेत. तेथे तेवढा वेळ वाचविण्याचा अधिकार कोणासही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.