सहाव्या वर्षी पंप कोण दुरुस्त करणार?



बारामती-इंदापूर भागातील शेतीचा इतिहास हा पाण्याच्या विषम वाटपाचा इतिहास आहे. १८८५ साली नीरा डावा कालवा झाला. त्याखालचे शिवार बागायती बनले, वरचा जिरायती पट्टा मात्र पावसाच्या भरवशावर राहिला. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. इंदापूरच्या भीमाकाठची सुपीक जमीन बुडाली आणि जलाशयाकाठी उपसा पंप उभे राहिले. पाणी मिळाले तरी विजेच्या पाळीपायी शेतकऱ्याला रात्री, विंचूकाट्यातून, दारे धरायला जावे लागले. म्हणून दिवसा चालणारा सौरपंप स्वागतार्हच आहे.

२०१९ ची पीएम-कुसुम आणि २०२४ ची राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना यांमुळे हे पंप शिवारात आले. राज्याच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे. उरलेला भार सार्वजनिक तिजोरीचा. दुरुस्तीची हमी ५ वर्षांची, तर पॅनेल सुमारे २५ वर्षे चालावे ही अपेक्षा. म्हणजे त्याच्या आयुष्याचा चार पंचमांश भाग हमीबाहेर आहे!

ही दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ कोण? त्याचे काम केवळ काचेवरची धूळ पुसण्याचे नाही. उंदरांनी कुरतडलेली केबल, सैल झालेले जोड, बिघडलेला कंट्रोलर, गाळात अडकलेला पंप, कोरडे पडलेले अर्थिंग, हे सारे त्यानेच शोधायचे. घरातील मेन स्विच पाडला की प्रवाह थांबतो. पॅनेल मात्र ऊन असेपर्यंत वीज निर्माण करीतच राहते. ओळीने जोडलेल्या पॅनेलांचा दाब शेकडो व्होल्टपर्यंत जातो आणि डी.सी. प्रवाहाची ठिणगी सहजी विझत नाही. एवढ्या जोखमीचे काम जेथे उपकंत्राटदार फेरीमागे मोबदला ठरवून करवून घेतो, तेथे हातमोज्यांचा खर्च आणि अपघाताची किंमत दोन्ही कामगाराच्याच माथी पडण्याचा धोका असतो. पंप बंद पडल्याचा शेतकऱ्याचा रागही त्यालाच झेलावा लागतो. वस्तुतः दोघेही एकाच व्यवस्थेचे बळी असतात.

कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या केंद्रीय कायद्याची मर्यादा २० कामगारांची होती. २०२० च्या संहितेने ती ५० वर नेली. दहा मुले हाताशी धरून गावोगाव फिरणारा उपकंत्राटदार या तरतुदींच्या कक्षेत येणारच नाही.

जुन्या वीज मंडळाचा वायरमन गावाला नावानिशी ठाऊक असे. त्याच्या पाठीशी नोकरीची शाश्वती होती, म्हणून त्याला जाब विचारता येई. सौरऊर्जेने तारा कमी केल्या, पण माणसाची गरज कमी केली नाही. ज्या तालुक्यांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले, तेथे पंपधारकांची सहकारी देखभाल संस्था अशक्य का असावी? अनुदानाचा एक हिस्सा देखभाल निधीसाठी राखावा, आय.टी.आय. झालेल्या स्थानिक तरुणांना मासिक वेतन, विमा व सुरक्षासाधने द्यावीत आणि सुटे भाग तालुक्यालाच ठेवावेत.

कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील पंपांची, त्यांच्या उभारणीच्या तारखांची आणि ते दुरुस्त करणाऱ्या कामगारांच्या वेतनाची नोंद आजच सुरू करावी. हमीची मुदत संपण्यापूर्वी ही मागणी संघटित झाली नाही, तर सार्वजनिक पैशाने उभारलेली यंत्रे बांधावर गंजत पडतील आणि त्याचा दोष पुन्हा शेतकऱ्यालाच दिला जाईल.