परभाषेचा उंबरठा
(शताब्दी समारंभातील भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी मला मॅक्सिन बर्नसन यांच्याविषयी दोन शब्द बोलावेसे वाटतात. अमेरिकेत जन्मलेल्या या विदुषी १९६१ साली भारतात आल्या. मराठी ही त्यांची परभाषा. तरी फलटणच्या बोलीचा अभ्यास करून त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि जाई निंबकरांसमवेत परभाषकांसाठी मराठीची पुस्तके सिद्ध केली. १९८४ मध्ये त्यांनी फलटणला प्रगत शिक्षण संस्था स्थापिली. सारी मुळाक्षरे घोकण्याआधी मोजकी अक्षरे व मात्रा घेऊन मुलाने अर्थपूर्ण शब्द वाचावेत, त्याच्या बोलीचा मान राखावा, हा त्यांचा आग्रह.

आपल्या सिल्वासा परिसरातील वारली, कोकणा, धोडिया मुलांना शाळेतील मराठी वा गुजराती ही बहुधा परभाषाच असते. शिक्षक असताना एका वारली मुलाचे घरच्या बोलीतील वाक्य मी ‘अशुद्ध’ म्हणून खोडले. त्याने पुन्हा मला वही दाखविली नाही. ती चूक माझी होती.

म्हणून एक विनंती. या ग्रंथालयात मुलांना त्यांच्या बोलीत गोष्ट सांगू द्यावी, ती लिहून घ्यावी आणि प्रथम तीच त्यांना वाचावयास द्यावी. शतकभर जपलेली ही कपाटे मग ती आपल्या हातांनी उघडतील.