पलटणीची अरबी



भाषाशिक्षकांच्या परिषदेत अध्यक्ष फौजेबद्दल का बोलतोय, असं काहींना वाटेल. पण आपण जमलोय त्या कोलकात्यात कंपनी सरकारने आपल्या अधिकाऱ्यांना अरबी शिकवायला सुरुवात केली, तीच लष्करी माणसांच्या हातून. 1800 साली गव्हर्नर-जनरल वेलस्लीने फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. तिथे अरबीचे प्राध्यापक जॉन बेली हे लेफ्टनंट होते. त्याच कॉलेजात विल्यम कॅरी मराठी शिकवत आणि त्यांचं मराठी व्याकरण 1805 मध्ये श्रीरामपूरला छापलं गेलं. हे हुगळीकाठचं श्रीरामपूर बरं का, अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे.

शिकवायचं तर पुस्तक हवं. कॉलेजाने येमेनच्या शेख अहमद शिरवानींना गाठलं. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘नफहतुल यमन’ हा वेच्यांचा संग्रह केला आणि 1814 ते 1818 या काळात ‘अलिफ लैला’तल्या पहिल्या दोनशे रात्री दोन खंडांत छापून काढल्या. मूळ अरबीतली ही पहिली छापील आवृत्ती. ती कैरोत निघाली नाही, बैरूतलाही नाही; निघाली कोलकात्यात, आणि निमित्त काय, तर साहेबांचा अभ्यास! पुढे 1839 ते 1842 मध्ये इथेच चार खंडांची आवृत्ती निघाली. तिचे संपादक मॅकनॉटन मुळात मद्रासच्या घोडदळात कॅडेट म्हणून आलेले. चौथा खंड निघण्याआधीच ते काबूलमध्ये मारले गेले. रिचर्ड बर्टनने इंग्रजी भाषांतरासाठी मुख्यतः हीच आवृत्ती समोर ठेवली. बर्टन मुंबईच्या फौजेतला, मराठीची परीक्षा पास झालेला. एकेका परीक्षेमागे अधिकाऱ्याला रोख बक्षीस मिळे, हेही विसरू नका.

शिपायाचं काय? पहिल्या महायुद्धात 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात कूत-अल-अमाराला अडकल्या. डिसेंबर 1915 पासून वेढा. 29 एप्रिल 1916 ला शरणागती. सातारा-रत्नागिरीकडच्या या पोरांची घरात मराठी, बराकीत हिंदुस्थानी, कवायतीला इंग्रजी हुकूम. वर बसऱ्याच्या घाटावर बेलमवाल्याशी, म्हणजे होडीवाल्याशी, भाडं ठरवायचं, अंडी-खजुराचा भाव पाडायचा, म्हणून चौथी भाषा आली. तिला ना मुन्शी, ना पुस्तक. हुकूम, खबर, हिशेब, साबण ही अरबीची पुंजी मात्र मराठीनेच त्यांच्या गाठीला बांधून दिली होती. ‘नफहतुल यमन’ तोंडपाठ असलेल्या साहेबाला त्या घाटावर अंडी स्वस्तात मिळाली असती का, याची मला दाट शंका आहे. पुढे कैदेत, रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर, ही मोडकीतोडकी भाषा भाकरी मिळवायची सोय झाली. तिची नोंद कोण करणार? बहुतेक शिपाई घरची पत्रंसुद्धा दुसऱ्याकडून लिहवून घेत.

याबाबतीत बंगाली वाचक नशीबवान. बेंगॉल ॲम्ब्युलन्स कोअरमधले शिशिर सर्वाधिकारी कूतलाच कैद झाले. त्यांनी डायरीची पानं फाडून बुटांत लपवली आणि त्यातूनच ‘अभि ले बगदाद’ उभं राहिलं.

आणि काझी नझरुल इस्लाम! 49व्या बंगाली पलटणीचा हा हवालदार कराचीच्या छावणीतून पुढे गेलाच नाही. अरबीची अक्षरओळख लहानपणी चुरुलियाच्या मकतबात झालेली. छावणीत पलटणीतल्याच एका पंजाबी मौलवीकडून तो फारसी शिकला. 1920 मध्ये पलटण मोडली आणि गडी कोलकात्याला आला. त्याच वर्षी न पाहिलेल्या शत-अल-अरब नदीवर त्याची कविता छापून आली. 1933 मध्ये ‘काव्य आमपारा’ निघालं, म्हणजे कुराणाच्या तिसाव्या पाऱ्याचं बंगाली पद्यरूप. अलिफ लैलामागे सरकारी आश्रय आणि पगारी विद्वान होते. नझरुलमागे दोन कवायतींमधला रिकामा वेळ आणि एक मौलवी. तरी दुसऱ्या खटाटोपाला आपण शिक्षण म्हणत नाही, हे मला खटकतं.

आज दिल्लीत संरक्षण मंत्रालयाचं परकीय भाषा विद्यालय आहे, तिथे अरबी शिकवतात, चांगलं आहे. पण 1998 पासून लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीत उभा असणारा प्रत्येक जवान काही त्या वर्गातून गेलेला नसतो. त्याच्याजवळ आधीच्या दोन-तीन भाषा असतात. आपण पाठ्यपुस्तक लिहिताना त्याला कोऱ्या पाटीवर बसवतो आणि अलिफपासून गिरवायला लावतो.

म्हणून परिषदेपुढे एक काम ठेवतो. आपापल्या जिल्ह्यात लेबनॉनला जाऊन आलेले निवृत्त जवान शोधा. नाक्यावर, दुकानात, पोरांशी ते काय बोलत, ते त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करा. मराठी जिभेने ‘ऐन’ आणि ‘काफ’ हे अरबी उच्चार कसे निभावले, कुठला शब्द हिंदीतून आधीच माहीत होता, कुठे हातवाऱ्यांवर भागवलं, तेही विचारा. अरबीचे प्राध्यापक सोबत असावेत, पण त्यांनी पहिल्या बैठकीत एकही चूक दुरुस्त करू नये. ऐकायला बसावं, वही उघडून.