सातशे ब्याण्णव

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. अडतीस वर्षं बँकेत काढली असल्यामुळे वेळेचा हिशेब चुकणार नाही, काळजी नसावी.

विषय आहे आकाशवाणीचं पुणे केंद्र. ते सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ रोजी. माझा जन्म १९५२ चा, म्हणजे आम्ही जवळजवळ बरोबरीचे. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, शुक्रवारी सकाळी, या केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली आणि मागे लागून ते काम करवून घेणारे केंद्राचे अधिकारी सीताकांत लाड. आठवड्याला एक गाणं, असं वर्षभर चालायचं होतं. पण त्या साली अधिक महिना आला आणि बावन्नाची छप्पन्न गाणी झाली. अधिक मासाचं पुण्य म्हणतात ते हेच असावं!

आम्ही तेव्हा सासवडला राहायचो. वडील प्राथमिक शिक्षक, घरात रेडिओ कुठून असणार? गल्लीत एका वकिलांच्या वाड्यात होता. आई मला काखेत मारून तिथं जायची आणि ओसरीवर बसून गाणं वहीत उतरवून घ्यायची. गाण्याचा वेग आणि शिसपेन्सिलीचा वेग कसा जुळायचा? जिथं शब्द निसटला तिथं ती जागा मोकळी सोडायची. शनिवारी-रविवारी तेच गाणं पुन्हा लागायचं, तेव्हा रिकाम्या जागा भरायच्या. ती वही माझ्याकडे आहे. तीन-चार जागा अजून रिकाम्याच आहेत. पुढे छापील पुस्तक निघालं, घरातही आलं, पण ते बघून तिनं त्या जागा भरल्या नाहीत. विचारलं तर म्हणाली, "मला ऐकू आलं नाही ते मी कशाला लिहू?"

सहासष्ट साली वडिलांनी ट्रान्झिस्टर घेतला. तेव्हा रेडिओला लायसन लागायचं. दरवर्षी पोस्टात पैसे भरून पुस्तिकेवर नोंद करून आणणं हे माझं काम. आताच्या पोरांना हे खरं वाटत नाही. आईनं काय केलं, पुणे लागतं त्या ठिकाणी डायलच्या काचेवर कुंकवाचा ठिपका दिला. आजचा आकडा ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे ३७८.८ मीटर. जाता जाता सांगतो, आपल्याकडच्या मध्यम लहरींच्या केंद्रांच्या आकड्यांना नऊनं भाग जातो. सांगली १२५१, बघा करून. बँकवाल्याची खोड, दुसरं काय.

गीतरामायणाचं सगळेच बोलतात, पण केंद्राचं रोजचं काम वेगळंच होतं. हवामान, बाजारभाव, शेतीच्या गप्पा. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक या केंद्राच्या ग्रामीण विभागात जवळजवळ तीस वर्षं होता. मी इंदापूरकडच्या एका शाखेत असताना कर्ज मागायला आलेला शेतकरी कांद्याचा भाव सांगून वर म्हणायचा, "पुण्यानं सांगितलंय सायेब." पुण्यानं सांगितलं म्हटल्यावर पुढचं बोलणं संपलं. आणि सकाळी सुधा नरवणे यांच्या आवाजातल्या प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या की आमच्याकडे दाढीचं पाणी ठेवायचं. घड्याळ बघावं लागत नसे.

आपली ही इमारत झाली तेव्हा, म्हणजे २००० साली, आई आमच्याबरोबर इथं राहायला आली. तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत पुणे केंद्र स्वच्छ लागायचं. मग घरोघरी इन्व्हर्टर, एलईडी दिवे, चार्जर आले. या सगळ्यांतून निघणारी खरखर मध्यम लहरींवर थेट येऊन बसते. एफएमला तिचा तेवढा त्रास होत नाही. रेडिओ आडवा-उभा फिरवून पाहिला, कारण आतल्या अँटेनाची दिशा बदलली की थोडा फरक पडतो. पण शेवटी नुसता भुंगा. मी तिला मोबाईलवर लावून दिलं. ती म्हणाली, "हे पुणं नाही." मी चिडलो. केंद्र तेच, आवाज तोच, हट्ट कशाला, असं बरंच बोललो. त्यावर ती काहीच बोलली नाही. नंतर रेडिओ लावायचीच बंद झाली, आणि ते मला कळायला दोन महिने लागले.

मग तेव्हाच्या सेक्रेटरींकडून गच्चीची चावी घेतली. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंत, पुढचे सतरा जिने तिला धरून चढवायचो. टाकीच्या पलीकडे, विजेच्या वायरींपासून दूर, खुर्ची टाकली की सातशे ब्याण्णव लागायचं. थोडी खरखर असायची, पण ती तिच्या ओळखीची. २०१९ च्या पावसाळ्यापर्यंत आम्ही रोज जात होतो. ऑगस्टमध्ये ती गेली.

२०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरला नेण्याचा निर्णय झाला होता. बरीच ओरड झाली, निर्णयाला स्थगिती मिळाली. त्या आठवड्यात मी एकटाच गच्चीवर जाऊन बातम्या ऐकून आलो. आईचाच ट्रान्झिस्टर, ठिपका पुसट झालाय, पण आहे.

कमिटीनं सुरक्षेसाठी गच्चीला कुलूप ठेवलंय, ते योग्यच आहे. माझी विनंती एवढीच, की सकाळी साडेसहा ते आठ चावी वॉचमनकडे ठेवावी. रजिस्टरमध्ये सही करू. खुर्ची मी माझी आणतो, आणि एक जास्तीची पण आणतो.